आबांची ठासणी माझ्या नावावर

बंदुकीचा परवाना काढला म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग शिकारीला कधी जायचं?" राधानगरी तालुक्यात तर हमखास. मी सगळ्यांना एकच सरळ उत्तर देतो. शिकारीचा परवाना नावाची गोष्ट आता आपल्याकडं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बहुतेक शिकार बंद केली, आणि त्यानंतरही जे थोडे परवाने मिळू शकत होते ते १९९१ च्या दुरुस्तीनं संपले. आमच्यासारख्या शेतकऱ्याच्या हातात राहिली ती राखण. आणि राखणीसाठी कायद्यानं ज्या हत्याराचं नाव घेतलंय, ते आहे ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे गजानं ठासून भरायची बंदूक. १९५९ च्या शस्त्र कायद्यात, कलम १३ मध्ये, तिचा स्वतंत्र उल्लेख आहे. पीकसंरक्षणाची गरज खरी असेल तर ठासणीचा परवाना द्यायचा, आणि ठासणी पुरी पडत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. आमचं शेत अभयारण्याच्या हद्दीबाहेर, पण जंगलाला लागून आहे. आम्हाला ठासणीच पुरते, आणि का पुरते हेच मला इथं सांगायचंय.

ही बंदूक आमच्या घरात आजोबांपासून आहे. एकनळी, लांब, दस्ता शिसवीचा, चाप ओढला की आपटतो त्या घोड्यावरची नक्षी हात लागून लागून गुळगुळीत झालेली. आजोबा तरुणपणी संस्थानच्या शिकारीत हाकाऱ्याला जायचे. कोल्हापूरचं दरबारी शिकारीचं वेड सगळ्यांना माहीत आहे. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात गेलं की भिंतीभिंतीवर दिसतं. इथं तर चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट धरायची रीत होती, आणि आपल्याकडचे चित्ते संपत आल्यावर आफ्रिकेतून आणवले गेले होते. दाजीपूरचं जंगल त्या काळी राखीव शिकारीचं. पुढं १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं, १९८५ ला वाढून राधानगरी अभयारण्य झालं, साडेतीनशे चौरस किलोमीटरचं. आजोबांची बंदूक मात्र शिकारीच्या हौसेची नव्हती. भात, नाचणी आणि भुईमूग राखायला म्हणून ती घेतलेली. पुढं ती माझ्या वडिलांच्या, आबांच्या, नावावर आली.

आबांनी सत्तरी ओलांडली आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांनीच विषय काढला. "आता माझ्या हातनं न्हाई व्हायचं. तुझ्या नावावर करून घे, न्हाईतर सरकारजमा करून मोकळा हो. पण मधेच लोंबकळत ठेवू नगंस." हे त्यांचं म्हणणं कायद्यालाही धरून होतं. शस्त्र नियम २०१६ मधल्या २५ व्या नियमाप्रमाणं परवानाधारक हयात असतानाही त्याचं हत्यार वारसाच्या नावावर होऊ शकतं. परवानाधारकानं सत्तरी गाठलेली असावी किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडं असावं, यातलं जे आधी होईल ते. अनेक घरांत हे माहीत नसतं. म्हातारा माणूस जातो, बंदूक माळ्यावर पडून राहते, परवान्याची मुदत संपते, आणि ज्याच्या घरात ती सापडते त्याच्यावर विनापरवाना हत्यार बाळगल्याचा ठपका येतो. परवानाधारक गेला असेल तर हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायचं आणि मग वारसाहक्कानं अर्ज करायचा, हा साधा रस्ता आहे.

कागदांची यादी लांब आहे, पण घाबरण्यासारखं त्यात काही नाही. नमुना अ-१ मधला अर्ज, सातबारा आणि आठ-अ, आबांचं संमतीपत्र, बहिणींची ना हरकत प्रतिज्ञापत्रं, शारीरिक आणि मानसिक तब्येतीचा वैद्यकीय दाखला, हत्यार सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, आणि हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नसल्यानं परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी. अर्ज नागाळा पार्कातल्या स्वराज्य भवनात, चौकशी मात्र आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याकडून. आमच्याकडं चौकशीला आलेले हवालदार शेतात उभे राहिले, उकरलेला बांध बघितला, शेजारच्या दोघांना विचारलं, आणि मग म्हणाले, "हत्यार दाखवा."

इथं एक गोष्ट आबांनी केली, ती कोणीही जुनी बंदूक नावावर करून घेणाऱ्यानं ध्यानात ठेवावी. जुन्या परवान्याच्या पुस्तकात हत्याराचा नंबर असतो आणि तो नळीवर कोरलेला असतो. आमच्या नळीवरचा नंबर इतका झिजला होता की बोटाला लागायचा, डोळ्याला दिसायचा नाही. नंबर जुळला नाही तर पुढचं सगळं अडतं. आबांनी शाळेतला पांढरा खडू मागवला, नळीवर आडवा घासला आणि कोरड्या फडक्यानं हलकेच पुसला. वरचा खडू निघून गेला, कोरलेल्या रेघांत राहिला, आणि एकेक आकडा पांढरा होऊन उमटला. हवालदारांनी मोबाईलवर फोटो काढला.

मधल्या काळात एका ओळखीच्यानं सुचवलं, "एवढी खटपट करतोयस तर नवी ३१५ रायफल माग की. लांबवर मारता येतं." सल्ला प्रेमाचा होता. पण रायफलीची गोळी चुकली तर किलोमीटरच्या पुढं जाऊन कुठं पडेल सांगता येत नाही, आणि आमच्या शिवाराच्या खाली वस्ती आहे, वर धनगरवाडा आहे, मधून रात्री उसाला पाणी पाजायला माणसं हिंडत असतात. ठासणीचे छर्रे तेवढे लांब जातच नाहीत, थोड्या अंतरात त्यांचा जोर सरतो. राखणीला अंगणापुरतंच हत्यार हवं. आणखी एकानं बारा बोअरची वापरलेली काडतुसं घरच्या घरी परत भरायची युक्ती सांगितली. ते तर सरळ गुन्ह्याचं काम. काडतूस तयार करणं म्हणजे कायद्याच्या लेखी दारूगोळ्याचं उत्पादन, त्याला वेगळा परवाना लागतो. ठासणीचं तसं नाही. ती प्रत्येक बाराला हातानंच भरायची असते, तिचा सगळा कारभारच त्यावर आहे. दारू, छर्रे आणि केपा (घोडा आपटला की पेटणाऱ्या छोट्या टोप्या) परवाना दाखवून परवानाधारक दुकानातून घ्यायच्या, जेवढी मर्यादा परवान्यावर लिहिली आहे तेवढ्याच.

प्रशिक्षणात मला सर्वांत उपयोगी पडलं ते नळीचं तोंड कुठं आहे याचं भान. आपल्या जिल्ह्यात नेमबाजी हा आता घरोघरी बोलायचा विषय आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकलेला स्वप्नील कुसाळे तर आमच्याच तालुक्यातला, कांबळवाडीचा. त्यांचं हत्यार वेगळं, त्यांची साधना फार मोठी, आणि माझा त्याच्याशी काही संबंध नाही. पण रेंजवरचा पहिला नियम आणि आबांचा पहिला नियम एकच निघाला: बंदूक रिकामी आहे हे माहीत असलं तरी ती भरलेली आहे असं धरूनच हातात घ्यायची.

परवाना हातात आला. त्यावर एक विशिष्ट ओळख क्रमांक असतो, तो देशभराच्या नोंदीत चढतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. त्यानंतर खरं शिकणं सुरू झालं. आबांनी मला पहिले कित्येक दिवस दारूला हातच लावू दिला नाही.

"आधी गज सोड. नळी काय म्हणती ते ऐक."

लोखंडी गज नळीत सोडला आणि तो तळाला लागला की रिकाम्या नळीतून 'टण्ण' असा स्वच्छ आवाज येतो आणि गज किंचित उसळतो. आत काही भरलेलं असेल तर आवाज बसका, मऊ येतो, आणि गज उसळत नाही. आबांच्या गजावर दोन खाचा आहेत. वरची खाच नळीच्या तोंडाशी आली तर नळी रिकामी. खालची आली तर आत एक बार भरलेला. दोन्ही खाचा तोंडाच्या वरच राहिल्या तर एकावर एक दोन बार भरले गेलेत, आणि अशी बंदूक उडवायची नाही. आजोबांनी कानशीनं पाडलेल्या या खाचा आहेत. बंदूक हातात घेतली की कोणाशी काही बोलायच्या आधी गज सोडून बघायचं, ही सवय मला आबांनी लावली. अजूनही मी तसंच करतो, काल रात्री मीच साफ करून ठेवलेली असली तरी.

मग भरणं. आधी नळी कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायची, कारण तेल राहिलं असेल तर दारू भिजते. मग निपलवर, म्हणजे केप बसवायच्या भोकाच्या बोंडावर, नुसती केप बसवून, नळीचं तोंड जमिनीजवळच्या गवताकडं करून चाप ओढायचा. गवताचं पातं हललं तर निपलची वाट मोकळी आहे असं समजायचं. ते हललं नाही तर निपलच्या बारीक भोकात काजळी बसलेली असते, ती आधी काढायची.

दारू कधीही डब्यातून सरळ नळीत ओतायची नाही. मागच्या बाराची एखादी ठिणगी आत धुमसत असली तर आख्खा डबा हातात फुटतो. पितळेचं माप असतं, या नळीचं म्हणून ठरलेलं, आणि त्या मापात हात न थरथरता काठोकाठ भरून वरचं बोटानं सपाट करायचं. डबा झाकण लावून मागं, आपल्यापासून लांब. मगच माप नळीत रिकामं करायचं. चेहरा नळीच्या तोंडावर कधीच न्यायचा नाही, ठासताना सुद्धा गज दोन बोटांत बाजूनं धरायचा, तळहातात मुठीनं नाही. दारूवर काथ्याचा बोळा, तो तळापर्यंत बसेस्तोवर ठासायचा. मग छर्रे, आणि छर्र्यांवर पातळ बोळा, म्हणजे नळीचं तोंड खाली झुकलं तरी छर्रे घरंगळत नाहीत. आबा एका गोष्टीला फार जपतात. दारू, बोळा आणि छर्रे यांच्या मधे पोकळी राहता कामा नये. छर्रे वर अडकले आणि खाली मोकळी जागा राहिली तर बार काढताना नळी तिथं फुगते किंवा फाटते. गजावरची खालची खाच तेवढ्यासाठीच आहे. भरून झालं की खाच नळीच्या तोंडाशी जुळलीच पाहिजे.

आणि केप सगळ्यात शेवटी. जागेवर बसल्यावर, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला असताना, घोडा अर्ध्यावर ठेवून. केप लावली म्हणजे बंदूक बोलायला तयार झाली. घरातून शेतापर्यंत केप लावून चालणं नाही.

बिनधुराची दारू या बंदुकीत चुकूनही घालायची नाही. ती काडतुसांसाठी असते, तिचा दाब काळ्या दारूपेक्षा कितीतरी जास्त, आणि ही जुनी नळी तो सोसू शकत नाही. एखाद्यानं हौसेनं काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीत भरली, आणि बोटं गमावली, अशा गोष्टी आमच्या भागात म्हातारी माणसं सांगतात.

बार उडाला नाही तर? केप फुटली पण बार गेला नाही, असं होतं. दमट हवेत जास्तच. तेव्हा बंदूक तशीच, त्याच दिशेला, खांद्यावर धरून थांबायचं. दारू आत उशिरानं पेट घेऊ शकते. आबा मनात रामरक्षा सुरू करतात आणि संपेस्तोवर हलत नाहीत. मी नुसता थांबतो, पण तेवढाच वेळ.

साफ करणं हा भाग लोक टाळतात आणि तिथंच बंदुका मरतात. काळी दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग धूर आणि काजळी होऊन घन रूपातच उरतो, आणि त्या काजळीतले क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. आमच्याकडं पावसाळ्यात भिंतीला ओल येते, तिथं लोखंडाची काय कथा. बार काढला की त्याच दिवशी नळी धुवायची. निपल काढून नळीचा तळ बादलीत बुडवायचा, वरून फडकं गुंडाळलेला गज खालीवर करायचा, म्हणजे पाणी पिचकारीसारखं आत ओढलं जातं. पहिलं पाणी शाईसारखं काळं निघतं आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो, तो दारूतल्या गंधकाचा. दुसरं राखाडी. शेवटचं पाणी उकळतं ओतायचं, कारण नळी तापली की ती स्वतःच आतून वाळते. मग तेलाचा हात. आमच्या आईला तो वास सहन होत नाही, म्हणून हे काम गोठ्यामागं.

आता राखण. भात पोटरीला आल्यापासून कापणी होईस्तोवर, आणि मग ऊस तुटेस्तोवर रात्री माळ्यावर कुणीतरी लागतं. यातल्या बहुतेक रात्री बंदुकीत छर्रे नसतात. नुसती दारू आणि बोळा. याला आम्ही कोरडा बार म्हणतो. गवा हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी, त्याला इजा करायची नाही, आणि करायची इच्छाही कोणाला नाही. पण गव्यांचा कळप भातात शिरला की एका रात्रीत वर्षाचं पोट मातीत जातं. त्यांना जंगलाच्या दिशेनं मोकळी वाट ठेवून, वाऱ्याच्या वरच्या अंगानं आकाशाकडं एक कोरडा बार काढला की कळप वळतो. वाट मोकळी ठेवणं महत्त्वाचं. वस्तीच्या बाजूनं बिथरवलेला गवा माणसाच्या अंगावर जातो. २०२१ च्या डिसेंबरात गवे पंचगंगेच्या काठानं पार कोल्हापूर शहरालगत आले होते, तेव्हा बघ्यांच्या गर्दीनं त्यांना चहूकडून कोंडलं आणि त्यात एका तरुणाचा जीव गेला. ठासणीचा आवाज खोल, दणदणीत असतो, फटाक्यासारखा चटचटीत नसतो. फटाक्याला गवे आठवड्यात सरावतात. ठासणीला सरावलेले मी तरी बघितले नाहीत, बहुधा ती रोज वाजत नाही म्हणून.

रानडुकराचं वेगळं. ते कोरड्या बाराला पळतं आणि तासाभरात दुसऱ्या बांधानं परत येतं. उसात शिरलं की बुडख्याची दोन-तीन कांडी चावून ऊस आडवा करतं आणि पुढच्याला लागतं. खातं थोडं, पाडतं फार. एका सरीत उभं राहिलं की आतून कडाकड आवाज येत असतो आणि आपण बाहेरून ऐकत राहायचं. त्या त्राग्यातून लोक नको त्या वाटेला जातात. कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब, कुंपणाच्या तारेत वीज, वाटेवर तारेची फासकी. आमच्या गावात अशा गोळ्यानं एका गाभण म्हशीचा जबडा गेला. तिला खाता येईना म्हणून ती भुकेनं मेली, आणि तिला बघायला मी गेलो होतो. विजेच्या तारेनं तर डुकरापेक्षा माणसं जास्त जायची भीती. पहाटे पाणी बघायला गेलेला शेजारी परत आला नाही तर कोणत्या तोंडानं त्याच्या घरी जायचं? मी परवान्याची एवढी खटपट केली त्याचं मोठं कारण हे आहे.

डुकरासाठी कायद्यात वाट आहे. वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमात उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांना मारण्याची लेखी परवानगी अधिकृत वनाधिकारी देऊ शकतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे आणि ही परवानगी त्याला लागू होते. मी वनविभागाकडं सातबारा, नुकसानीचे फोटो आणि परवान्याची प्रत जोडून अर्ज दिला. वनरक्षक येऊन पंचनामा करून गेले. लेखी आदेश आला त्यातल्या अटी स्पष्ट होत्या: आपल्याच शेतात, परवानाधारकानंच, जंगलात पाठलाग नाही, जखमी झालं तर ताबडतोब कळवायचं, मेलं तर जागेवरून हलवायचं नाही.

त्रिपुरी पौर्णिमा होऊन गेली होती. चांदणं उशिरा वर यायचं, पण आलं की बांधावरचं गवतसुद्धा मोजता येईल असं. उसाच्या कडेला वैरणीचा मका होता आणि त्याच्या मागं उंच ताल, मातीचा. तो ताल बघूनच मी जागा निवडली होती. छर्रे चुकले तर मातीतच गेले पाहिजेत. मोठे छर्रे भरले, खाच जुळवली, आणि माळ्यावर न बसता खाली, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, बाभळीला पाठ लावून बसलो. आबांचं सांगणं होतं, "वीस पावलांच्या पुढं असलं तर चापाला हात लावू नगंस. ठासणी एकदाच बोलती."

कळप आधी आला, माद्या आणि पिल्लं. मी थांबलो. पिल्लांच्या कळपावर बार काढायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. विखुरलेल्या छर्र्यांनी दोन-तीन जनावरं अर्धमेली होतात, आणि जखमी मादी पहाटे गवत कापायला आलेल्या बाईवर उलटते. ते मक्यात मुसमुसत राहिले, मग उसात गेले. बराच वेळ काही नाही. मग तालाच्या कडेनं एकांडा नर आला, एकटा, न थांबता, रोजची वाट असल्यासारखा. खांद्यावरचे केस उभे, चांदण्यात सुळा एकदा चमकला. मी घोडा अंगठ्यानं धरून, चाप दाबूनच मागं ओढला, चाप सोडला आणि मग घोडा हळूच सोडला, म्हणजे खटका वाजत नाही. तो आडवा उभा राहिला, मागं ताल. मी खांद्यामागं नेम धरून चाप ओढला.

ठासणीच्या बारात एक क्षण असतो. आधी केप फुटते, आणि मग, अगदी डोळ्याचं पातं लवेल एवढ्यात, बार जातो. त्या क्षणात बंदूक हलली तर गेलं. मग पांढरा धूर, आणि धुरापलीकडं काहीच दिसत नाही. मला ऊस मोडत गेल्याचा आवाज आला, थोडा वेळ, मग थांबला.

मी जागेवरून उठलो नाही. रात्री जखमी डुकरामागं उसात शिरणं म्हणजे आत्महत्या, आणि जखमी झालं तर ताबडतोब कळवायची अटही होती. आधी नळी पुन्हा भरली. मग वनरक्षकांना फोन केला. ते उजाडायला आले. तालाच्या पायथ्याशी रक्ताचे थेंब होते, लालभडक, फेस असलेले, म्हणजे फुप्फुसातले. पुढं उसाच्या सरीत ते पडलेलं होतं, फार आत नाही. छर्रे खांद्यामागं एका पंजाच्या जागेत लागले होते. जनावर तडफडत राहिलं नव्हतं, याचं मला त्या सकाळी सगळ्यात जास्त समाधान वाटलं, आणि त्याच्याकडं बघून वाईटही वाटलं. एवढं ताकदीचं, स्वच्छ जनावर.

तोवर बांधावर माणसं जमली होती. सागुतीचा विषय निघणारच. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडाला अजून पाणी सुटतं. पण ११ व्या कलमाखाली मारलेला वन्यप्राणी ही कलम ३९ प्रमाणं सरकारची मालमत्ता असते. त्याचं मांस, कातडं, सुळे, काहीच शेतकऱ्याचं नाही. वनरक्षकांनी पंचनामा केला, मापं घेतली, फोटो घेतले, आणि पंचांसमोर लाकडं रचून ते जाळलं. एक चुलतभाऊ माझ्यावर नाराज झाला. "एवढं मारून काय मिळालं तुला?" मी त्याला उसाकडं बोट दाखवलं.

एक तक्रार मात्र मांडायची आहे, आणि ती माझी एकट्याची नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यारं जमा करायला सांगितली जातात. २०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, म्हणजे नेमकं भात खळ्यावर यायच्या आणि ऊस भरायच्या दिवसांत. गुन्ह्याची नोंद असलेल्याचं हत्यार जमा करा, त्याला कोणाची ना नाही. पण ज्याचं हत्यार वर्षभर फक्त शिवारात वाजतं, त्या पीकसंरक्षणवाल्याचा अर्ज वेगळा बघितला पाहिजे. सूट मागायचा अर्ज आधी, लेखी आणि पोच घेऊन द्यावा, एवढंच मी शेजाऱ्यांना सांगतो.

आणि लग्नात बार काढायला कोणी बोलावलं तर जात नाही. भाच्याच्या लग्नात मामानं बंदूक आणली नाही म्हणून रुसवा झाला. आनंदाच्या भरात गर्दीत हत्यार उडवून कोणाच्या जिवाला धोका केला तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. कायदा नसता तरी गेलो नसतो.

टोळी येऊन आमचा ऊस भोगावती कारखान्याला गेला, रान मोकळं झालं, तशी डुकरंही लांब गेली. पुन्हा येतील, रताळी लागली की येतातच. शेजारच्या वस्तीवरचा एक पोरगा हल्ली गोठ्यामागं येऊन बसतो, त्याच्या आजोबांचीही ठासणी आहे, परवाना अजून म्हाताऱ्याच्या नावावर. त्याला बार काढून बघायचाय. मी त्याला आधी अर्जाची यादी लिहून दिलीय, आणि आजोबा हयात आहेत तोवर त्यांच्याकडून त्यांच्या गजावरच्या खाचा समजून घे म्हणून सांगितलंय. त्यांच्या नळीचं माप आमच्या मापापेक्षा वेगळं आहे, ते मला सांगता यायचं नाही.